फिन्सबरी सेंट्रल (लोकसभागृह मतदारसंघ)

फिन्सबरी सेंट्रल हा युनायटेड किंग्डमच्या हाउस ऑफ कॉमन्सचा लंडनमधील एक भूतपूर्व मतदारसंघ आहे. १८८५ ते १९१८ या काळात तेथून एक सदस्य निवडला जात असे. १८९२ साली दादाभाई नौरोजी येथून निवडून आले.

स्थापना

१८३२च्या सुधारणा कायद्याने फिन्सबरी हा द्विसदस्यीय मतदारसंघ निर्माण झाला. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक थॉमस वॅक्ली आणि १८४२ची सनदवाद्यांची याचिका संसदेत सादर करणारे थॉमस डन्कम यांनी त्याचे प्रतिनिधित्व केले. १८८५च्या पुनर्रचनेत त्याचे विभाजन होऊन होलबर्न, फिन्सबरी सेंट्रल व फिन्सबरी ईस्ट हे मतदारसंघ अस्तित्वात आले. फिन्सबरी सेंट्रलमध्ये मुख्यतः घड्याळे व दागिने घडवणाऱ्या कारागिरांची वस्ती असलेल्या क्लार्कनवेलचा समावेश होता.

१८९२ची निवडणूक

दादाभाई नौरोजी १८८६ साली शेजारच्या होलबर्नमध्ये पराभूत झाले होते. १८८८ साली एडिंबरा येथील भाषणात पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी त्या पराभवाचा संदर्भ देऊन, इंग्लिश मतदार ‘काळ्या माणसाला’ निवडून देतील याविषयी शंका व्यक्त केली. या उद्गारांवर मोठी टीका झाली आणि नौरोजींचे नाव ब्रिटनभर पोहोचले. १८९२मध्ये उदारमतवादी पक्षाच्या वतीने त्यांनी हुजूर पक्षाचे विद्यमान सदस्य फ्रेडरिक पेन्टन यांचा पाचाहून अधिक नसलेल्या मताधिक्याने पराभव केला. त्यांनी खोर्दे अवेस्तावर हात ठेवून सदस्यत्वाची शपथ घेतली.

नौरोजींना ब्रिटिश संसदेतील पहिले भारतीय सदस्य मानले जाते. अंशतः भारतीय वंशाचे डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सॉम्बर १८४१ साली सडबरीतून निवडून आले होते. मात्र त्यांची निवड पुढे रद्द झाली. भारतीय सनदी सेवेची परीक्षा इंग्लंडबरोबरच भारतातही घ्यावी, असा ठराव सभागृहाने १८९३ साली संमत केला. नौरोजी या मागणीचे प्रमुख पुरस्कर्ते होते. परंतु सरकारने ठरावाची अंमलबजावणी केली नाही. १८९५च्या निवडणुकीत नौरोजी पराभूत झाले.

संसद सदस्य

१८८५–१८८६: हॉवर्ड स्पेन्सली (उदारमतवादी)
१८८६–१८९२: फ्रेडरिक थॉमस पेन्टन (हुजूर)
१८९२–१८९५: दादाभाई नौरोजी (उदारमतवादी)
१८९५–१९०६: विल्यम मॅसी-मेनवेरिंग (हुजूर)
१९०६–जानेवारी १९१०: विल्यम चार्ल्स स्टेडमन (उदारमतवादी-मजूर)
जानेवारी १९१०–१९१८: मार्टिन आर्चर-शी (हुजूर)

विसर्जन

१९१८च्या पुनर्रचनेत हा मतदारसंघ संपुष्टात येऊन एकसदस्यीय फिन्सबरी मतदारसंघ निर्माण झाला. या भागातील एका रस्त्याला नौरोजी स्ट्रीट असे नाव देण्यात आले आहे.