दिव्याच्या काजळीपासून मोटारीच्या रंगापर्यंत

‘शाई’ हा शब्द फारसीतल्या ‘सियाह’वरून आला. सियाह म्हणजे काळा. त्या हिशेबाने ‘लाल शाई’ हा शब्द स्वतःशीच भांडतो. गोंदणाच्या शाईचं कूळही काळ्यापासूनच सुरू होतं. बाकीचे रंग मागाहून सोयरीक करून घरात आले. आणि त्यांतला एकही कातडीखाली घालायचा म्हणून जन्मलेला नाही.

मूळ पुरुष काजळी. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ‘ओत्झी’च्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या देहावर ६१ खुणा आहेत, त्या काजळीच्याच. आपल्याकडे गोंदणारीण यायची तीही दिव्यावर धरलेली काजळी पाण्यात किंवा पाल्याच्या रसात खलून सुयांनी टोचायची. तरी आजीच्या हातावरचं गोंदण हिरवट का दिसतं? कातडीखालचा कोळसा काळाच राहतो. पण वरची कातडी उजेडातला निळा भाग खाली पोचण्याआधीच परत उधळते, उरलेला उजेड कोळसा गिळतो. हिरवटपणा शाईचा नसतो, कातडीचा असतो.

मग खनिजं आली. लाल रंग हिंगुळाचा, म्हणजे पारा आणि गंधकाचा. पिवळा कॅडमियमचा, हिरवा क्रोमियमचा, निळा कोबाल्टचा. हे चित्रकाराच्या फळीवरचे रंग. अंगात गेल्यावर पाऱ्याच्या लालाने खाज आणि गाठी आणल्या. कॅडमियमचा पिवळा उन्हात गेलं की सुजायचा. रंगांमागोमाग यंत्रही आलं: १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांनी गोंदणयंत्राचं पेटंट घेतलं. तेही उसनंच. कागदाला भोकं पाडून लिखाणाच्या प्रती काढायला एडिसनने जी विजेची लेखणी केली होती, तिच्यावरून ते बेतलेलं होतं.

विसाव्या शतकात खनिजांची जागा कारखान्यातल्या सेंद्रिय रंगांनी घेतली. आजचे बरेचसे लाल-पिवळे ‘अझो’ वर्गातले, निळे-हिरवे ‘थॅलोसायनिन’चे. मोटारीचा रंग, प्लॅस्टिक, छपाई ही त्यांची मूळ गिऱ्हाइकं. काळ्यासाठी कार्बन ब्लॅक. टायर काळा करणारा तोच. ऊन-पावसात टिकणं हा त्यांचा गुण. पण जोरदार उन्हाने किंवा गोंदण पुसायच्या लेझरने अझो रंग फुटतात आणि त्यांतून ॲरोमॅटिक अमाइन्स सुटू शकतात; त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. नीट शुद्ध न केलेल्या कार्बन ब्लॅकमध्ये बेन्झोपायरीनसारखे धुराबरोबर येणारे पदार्थ राहतात. बाटलीत याखेरीज पाणी, अल्कोहोल, ग्लिसरीन आणि शाई टिकवणारी रसायनंही असतात.

अंगात गेलेला रंग एका जागी बसून राहत नाही. कातडीतल्या भक्षक पेशी त्याचे कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. पेशी मेली की कण दुसरी उचलते. म्हणून तर गोंदण जन्मभर टिकतं. काही कण लसीका ग्रंथींपर्यंत जातात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर केलेल्या तपासणीत, गोंदलेल्या माणसांच्या ग्रंथींत शाईतल्या टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण सापडले.

कायदा फार उशिरा जागा झाला. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२पासून गोंदणाच्या शाईतल्या ४,०००हून अधिक रसायनांवर मर्यादा घातल्या. एक निळा आणि एक हिरवा यांना मात्र वर्षभराची सवलत द्यावी लागली, कारण त्यांच्या तोडीचा पर्याय हाताशी नव्हता. अमेरिकेच्या एफडीएने तर कातडीत टोचण्यासाठी एकाही रंगद्रव्याला मान्यता दिलेली नाही.

धोका रंगातच असतो असंही नाही. २०११-१२मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे १९ जणांच्या गोंदणावर पुरळ उठलं. दोष राखाडी शाईत होता. ती पातळ करायला डिस्टिल्ड पाणी वापरलं होतं आणि शाईत क्षयरोगाच्या जंतूच्या गोतातला एक जंतू निघाला. डिस्टिल्ड म्हणजे क्षार काढलेलं, निर्जंतुक नव्हे.

गोंदणारणीच्या सुया हातोहाती फिरायच्या, तेव्हा ती पद्धत सुरक्षित होती असं कुणी म्हणू नये. पण काजळी कुठल्या दिव्याची, हे समोर बसलेलीला दिसत होतं. आज ते बाटलीवर वाचावं लागतं. म्हणून दुकानात नक्षीची वही चाळण्याआधी बाटली मागा. घटकांची यादी, बॅच क्रमांक, मुदत आणि ‘निर्जंतुक’ हा शब्द शोधा. शाई पातळ करणार असतील, तर कशाने ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर हात मागे घ्या.