बाष्पनशील तेले (पशुखाद्यातील वापर)

बाष्पनशील तेले ही सुगंधी वनस्पतींची पाने, फुले, बिया, साल इत्यादी भागांपासून मिळणारी, सहज उडून जाणारी द्रव्ये होत. त्यांना सुगंधी तेले असेही म्हणतात. कोंबड्या, डुकरे व रवंथ करणारी जनावरे यांच्या खाद्यात ती अल्प प्रमाणात मिसळली जातात. वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांना पर्याय म्हणून त्यांचा अभ्यास होत आहे.

पार्श्वभूमी
खाद्यातून अल्प मात्रेत प्रतिजैविके दिल्यास कोंबड्या व डुकरे जलद वाढतात, हे १९४०च्या दशकाच्या अखेरीस आढळून आले व ही पद्धत जगभर रूढ झाली. मात्र अशा सततच्या अल्प मात्रेमुळे औषधांना न जुमानणारे जिवाणू निर्माण होतात आणि ते माणसापर्यंतही पोहोचू शकतात. स्वीडनने १९८६ मध्ये, तर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीच्या प्रतिजैविकांवर बंदी घातली. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांमध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरास मनाई केली.

प्रमुख घटक
ओव्याच्या तेलातील मुख्य घटक थायमॉल असून तो स्फटिकरूपात ‘ओव्याचे फूल’ या नावाने परिचित आहे. ओरेगानोत कार्व्हाक्रोल, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, तर लवंगेत युजेनॉल हे घटक प्रामुख्याने असतात. ही तेले बहुधा बाष्प-ऊर्ध्वपातनाने काढतात.

कार्य
हे घटक मेदात विरघळणारे असल्याने जिवाणूंच्या पेशीपटलात शिरतात. पटल सच्छिद्र झाल्याने पेशीतील आयन बाहेर झिरपतात व जिवाणूची वाढ खुंटते. ई. कोलाय व साल्मोनेला यांसारख्या जिवाणूंना आणखी एक बाह्य आवरण असल्याने ते सामान्यतः अधिक प्रतिकार करतात. याशिवाय या तेलांमुळे पाचक रसांचे स्रवण वाढू शकते, असे काही प्रयोगांत दिसले आहे.

गाय, म्हैस, शेळी यांच्या कोटीपोटात सूक्ष्मजीव चाऱ्याचे किण्वन करतात. तेथे प्रथिनांपासून अमोनिया तयार होण्याचे व मिथेन वायूच्या निर्मितीचे प्रमाण कमी करणे, हा या तेलांच्या वापराचा हेतू असतो. मात्र मात्रा जास्त झाल्यास चारा पचविणारे उपयुक्त सूक्ष्मजीवही बाधित होतात. भारतात जनावराच्या पोटफुगीवर गोड्या तेलात थोडे टर्पेंटाइन मिसळून पाजण्याची जुनी पद्धत आहे. टर्पेंटाइन हेही बाष्पनशील तेलच होय. तथापि तो उपचार आहे, नित्याचा खाद्यपूरक नव्हे.

मर्यादा
वनस्पतीचे वाण, जमीन, हवामान व काढणीचा काळ यांनुसार तेलातील घटकांचे प्रमाण बदलते. त्यामुळे एकाच नावाच्या दोन तेलांचा परिणाम सारखा असेलच असे नाही. गोळी खाद्य तयार करताना लागणाऱ्या उष्णतेने तेलाचा काही भाग उडून जातो. शिवाय बरेचसे तेल आतड्याच्या आरंभीच्या भागातच शोषले जाते. हे टाळण्यासाठी तेलाच्या सूक्ष्म थेंबांवर मेदाचे किंवा अन्य पदार्थाचे आवरण चढवतात. उग्र वासामुळे जनावर खाद्य कमी खाण्याची, तसेच दुधाला वास लागण्याचीही शक्यता असते.

प्रयोगशाळेतील जिवाणुरोधक गुण प्रत्यक्ष गोठ्यात किंवा कुक्कुटगृहात तितकाच दिसतो असे नाही. स्वच्छ जागी व उत्तम आहारावर वाढणाऱ्या निरोगी पक्ष्यांत फरक अनेकदा नगण्य असतो. कोटीपोटातील सूक्ष्मजीव काही काळाने या घटकांशी जुळवून घेतात. म्हणून अल्पकालीन प्रयोगाचे निष्कर्ष दीर्घकाळ टिकतीलच असे नसते.

ही तेले वाढीसाठीच्या प्रतिजैविकांची जागा काही अंशी घेऊ शकतात. परंतु रोगावरील औषधोपचार, लसीकरण व स्वच्छता यांना ती पर्याय ठरत नाहीत. ‘नैसर्गिक’ असली तरी तीव्र स्वरूपात ती त्वचा व श्लेष्मल पटलांचा दाह करतात. त्यामुळे त्यांची मात्रा ठरविताना पशुवैद्यकाचा किंवा पशुपोषणतज्ज्ञाचा सल्ला आवश्यक असतो.