जीपच्या पोटातली दुसरी बॅटरी

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील सिएरा नेवाडा पर्वतात 'रुबिकॉन ट्रेल' नावाची सुमारे ३५ किलोमीटर लांबीची एक वाट आहे. वाट म्हणायचे ती केवळ नावापुरती. हत्तीएवढे पाषाण, उतरत्या कातळपट्ट्या आणि मधूनच लागणारे ओढे असे तिचे स्वरूप आहे. 'जीप रँग्लर' या गाडीच्या सर्वांत दणकट आवृत्तीला याच वाटेचे नाव दिलेले आहे. अशा ठिकाणी बॅटरी उतरून गाडी बंद पडली, तर हाकेच्या अंतरावर मेकॅनिक नसतो. शिवाय ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली आधुनिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही. मग एकाऐवजी दोन बॅटऱ्या असलेली गाडी अधिक भरवशाची असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मात्र तसे असेलच असे नाही. दोन बॅटऱ्या कशासाठी बसवल्या आहेत आणि त्या एकमेकींशी कशा जोडल्या आहेत, यावर सारे अवलंबून असते.

थांबणारे इंजिन

सिग्नलला गाडी उभी राहताच इंजिन आपोआप बंद व्हावे आणि ब्रेकवरचा पाय उचलताच पुन्हा सुरू व्हावे, या योजनेला 'स्टॉप-स्टार्ट' म्हणतात. ही कल्पना नवी नाही. टोयोटाने १९७४ मध्ये 'क्राउन' गाडीवर आणि फोक्सवॅगनने १९८० च्या दशकात 'पोलो'च्या एका आवृत्तीत ती वापरून पाहिली होती. उत्सर्जनाचे नियम कडक होऊ लागल्यावर, २००७ नंतर युरोपात तिचा खरा प्रसार झाला. उभ्या गाडीचे इंजिन उगाच पेट्रोल जाळते, ते वाचवणे हा तिचा साधा हेतू आहे.

हेतू साधा असला तरी बॅटरीवर पडणारा भार साधा नाही. पूर्वी दिवसातून चार-पाच वेळा सेल्फ मारावा लागे. आता शहरातील एकाच फेरीत तो वीस-पंचवीस वेळा फिरू शकतो. इंजिन थांबले की अल्टरनेटरही थांबतो. त्या वेळी दिवे, पंखा, संगीत, पडदा आणि डझनावारी संगणकीय नियंत्रक केवळ बॅटरीवर चालतात. त्यातच सेल्फ फिरला की तो क्षणभर शेकडो अँपिअर प्रवाह ओढतो आणि बॅटरीचा दाब १० व्होल्टच्याही खाली येऊ शकतो. एवढ्या कमी दाबात नियंत्रक गोंधळतात, पडदा विझतो, रेडिओ नव्याने सुरू होतो.

यावर उत्पादकांनी वेगवेगळे उपाय योजले. काहींनी 'एजीएम' प्रकारची अधिक सोशीक बॅटरी दिली. हिच्यात आम्ल मोकळे नसून काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते. काहींनी दाब स्थिर राखणारे उपकरण बसवले. मारुती सुझुकीने २०१८ मध्ये 'सियाझ'च्या पेट्रोल आवृत्तीत नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीच्या जोडीला लिथियम-आयन बॅटरी दिली. जीपने रँग्लरसाठी दुसऱ्या, लहान लेड-ॲसिड बॅटरीचा मार्ग निवडला.

थोरली आणि धाकटी

'जेएल' या सांकेतिक नावाने ओळखली जाणारी रँग्लरची पिढी २०१७ च्या अखेरीस लॉस एंजलिस येथे सादर झाली. पुण्याजवळच्या रांजणगाव येथील प्रकल्पात २०२१ पासून हिची जुळणी सुरू झाली. हिच्या स्टॉप-स्टार्ट असलेल्या अनेक आवृत्त्यांत बॉनेटखाली एक मोठी एजीएम बॅटरी असते आणि तिच्या जवळपास, सहज दिसणार नाही अशा जागी, मोटरसायकलच्या बॅटरीशी तुलना करता येईल अशी दुसरी असते. इंजिन तात्पुरते थांबले की धाकटीने इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळावी आणि थोरलीने सेल्फसाठी ताकद राखून ठेवावी, अशी ही श्रमविभागणी आहे. त्या वेळी दोघींना वेगळे करण्याचे काम रिले करतो.

गाडी बंद करून ठेवली की मात्र दोघी समांतर जोडलेल्या राहतात, आणि नेमकी येथेच मेख आहे. समांतर जोडलेल्या दोन बॅटऱ्यांचा दाब सारखा होऊ पाहतो. त्यांपैकी एकीचा एखादा सेल निकामी झाला, की निरोगी बॅटरी आपली वीज तिच्यात ओतत राहते. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिल्यावर दोघीही उतरलेल्या आढळतात. मालक थोरली बदलतो, काही आठवड्यांनी तीच तक्रार पुन्हा उद्भवते, कारण दोष धाकटीत असतो. म्हणूनच अशा गाड्यांत दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी बदलण्याचा सल्ला जाणकार देतात. तपासणीही दोघींना एकमेकींपासून सोडवून स्वतंत्रपणे करावी लागते. जोडलेल्या स्थितीत मीटर दाखवतो तो दोघींचा सामाईक दाब.

थोडक्यात, ही दुसरी बॅटरी अडचणीत कामी येणारी राखीव बॅटरी नव्हे. ती आरामासाठी दिलेली आहे. तिच्या भरवशावर रात्रभर तंबूतले दिवे लावणे म्हणजे सकाळच्या सेल्फशी खेळ करणे होय.

मुक्कामाची बॅटरी

भटक्यांच्या जगात 'ड्युअल बॅटरी' हा शब्द वेगळ्या अर्थाने रूढ आहे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात दोन पेट्रोलपंपांमधील अंतर शेकडो किलोमीटर असते आणि अन्न टिकवण्यासाठी गाडीत १२ व्होल्टचा फ्रीज न्यावा लागतो. तेथे सेल्फसाठी एक आणि मुक्कामासाठी एक अशा दोन बॅटऱ्या ठेवण्याची रीत फार पूर्वीपासून आहे.

याचे गणित सोपे आहे. चाळीसेक लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज चालू-बंद होत सरासरी दीड ते दोन अँपिअर प्रवाह घेतो असे धरले, तर चोवीस तासांत ३६ ते ४८ अँपिअर-तास खर्च होतात. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे तिच्यावर फ्रीज जेमतेम एक दिवस चालतो. 'लिथियम आयर्न फॉस्फेट' प्रकारची तेवढ्याच क्षमतेची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते आणि वजनालाही बरीच हलकी असते.

विंचचे गणित निराळे आहे. चिखलात रुतलेली गाडी ओढताना पूर्ण भाराखाली विंच ४०० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेऊ शकतो. तो मुख्य बॅटरीवर, इंजिन चालू ठेवूनच वापरावा. मुक्कामाच्या बॅटरीची पातळ वायर हा भार सोसू शकत नाही.

मधला पहारेकरी

दोन बॅटऱ्यांच्या मध्ये काय बसवले आहे, हा कळीचा मुद्दा. जुन्या काळी डायोड वापरत. तो प्रवाह एकाच दिशेने जाऊ देई, पण त्याच्यात अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब वाया जाई आणि दुसरी बॅटरी कधीच पूर्ण भरत नसे. त्यानंतर दाब ओळखणारा रिले आला. मुख्य बॅटरीचा दाब १३.३ व्होल्टच्या आसपास गेला की इंजिन चालू आहे असे समजून तो दोघींना जोडतो आणि १२.८ च्या आसपास उतरला की वेगळे करतो. स्थिर दाब देणाऱ्या जुन्या अल्टरनेटरवर ही युक्ती वर्षानुवर्षे उत्तम चालली.

स्टॉप-स्टार्ट असलेल्या गाड्यांतील अल्टरनेटर मात्र 'हुशार' असतो. इंधन वाचवण्यासाठी तो चालत्या गाडीतही दाब १२.५ व्होल्टच्या आसपास उतरवतो आणि ब्रेक लावताच १५ च्या जवळ नेतो. रिलेला वाटते, इंजिन बंद झाले. तो दिवसभर जुळत-तुटत राहतो आणि मुक्कामी पोहोचल्यावर दुसरी बॅटरी अर्धीच भरलेली आढळते. म्हणून अशा गाड्यांत 'डीसी-डीसी चार्जर' वापरतात. येणारा दाब कितीही कमी-अधिक असला, तरी बॅटरीला हवा तोच दाब आणि मोजका प्रवाह तो पुरवतो. इंजिन चालू असल्याची खूण त्याला वेगळ्या वायरने द्यावी लागते.

लिथियम बॅटरीसाठी तर हा चार्जर जवळजवळ अनिवार्यच ठरतो. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो, की थेट जोडल्यास ती अल्टरनेटरकडून झेपेल त्याहून अधिक प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. शून्य अंशाखालील तापमानात ती चार्ज करणेही तिला घातक असते. लडाख किंवा स्पितीच्या वाटेला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जोडणीतील चुका

नव्या गाड्यांच्या मुख्य बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर एक लहानसा सेन्सर असतो. आत-बाहेर जाणाऱ्या प्रवाहाची तो नोंद ठेवतो आणि इंजिन थांबवायचे की नाही, हे त्याच नोंदीवरून ठरते. बाहेरून बसवलेल्या उपकरणाची ऋण वायर थेट टर्मिनलला जोडली, तर तो खर्च सेन्सरला दिसतच नाही. बॅटरी उतरत असताना संगणक मात्र ती भरलेली समजतो. यासाठी अर्थिंग गाडीच्या सांगाड्यावर, उत्पादकाने नेमून दिलेल्या ठिकाणीच करावे.

दुसरी नेहमीची चूक फ्यूजची. दोन बॅटऱ्यांमधील धन वायरला दोन्ही टोकांशी फ्यूज हवा, कारण वीज दोन्ही बाजूंनी येऊ शकते. खडकाळ वाटेवर घासून वायरचे आवरण गेले आणि ती सांगाड्याला टेकली, तर फ्यूज नसलेल्या बाजूने आग लागण्यास क्षणही पुरतो.

काही मालक धाकटी बॅटरी कायमची तोडून टाकतात. काही गाड्यांत हे तांत्रिकदृष्ट्या शक्य असले, तरी त्यामुळे स्टॉप-स्टार्ट बंद पडू शकते आणि वॉरंटीचा प्रश्न उद्भवू शकतो. स्टॉप-स्टार्ट नकोच असेल, तर डॅशबोर्डवरील बटण दाबणे हा निर्धोक मार्ग आहे. रँग्लरमध्ये 'फोर-लो' गिअर टाकल्यावर ही यंत्रणा तशीही इंजिन थांबवत नाही. मात्र बटणाने बंद केलेली यंत्रणा पुढच्या वेळी गाडी सुरू करताच पुन्हा कार्यरत होते आणि धाकटी बॅटरी तर जोडलेलीच राहते.

बॅटरी बोलते तेव्हा

लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर काही तासांच्या विश्रांतीनंतर तिचा दाब १२.६ ते १२.८ व्होल्ट भरतो. १२.२ म्हणजे अंदाजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. अर्धवट भरलेली बॅटरी दीर्घकाळ तशीच ठेवल्यास पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर साचतात आणि तिची क्षमता कायमची घटते. उष्णताही तिची शत्रू आहे. तापमान दर दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम अभियंते सांगतात.

शहरात आठवडाभर जेमतेम पाच-सात किलोमीटर फिरणारी आणि सुटीला एकदम डोंगरात जाणारी गाडी या दृष्टीने सर्वाधिक जोखमीची असते. छोट्या फेऱ्यांत बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. पहिला इशारा मात्र वेळेवर मिळतो. पूर्वी सिग्नलला थांबणारे इंजिन आठवडेच्या आठवडे थांबेनासे होते. चालकाला त्याचा आनंदच होतो. वास्तविक इंजिन थंड असणे, वातानुकूलन यंत्रावर ताण असणे ही कारणे नसतील, तर बॅटरीत पुरेशी वीज नाही असे संगणक सांगत असतो. लांबच्या प्रवासापूर्वी या इशाऱ्याची दखल घेऊन दोन्ही बॅटऱ्या स्वतंत्रपणे तपासून घ्याव्यात आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर घरच्या विजेवर चालणारा देखभाल चार्जर लावून ठेवावा. तपासणीचे हे काम गॅरेजमध्ये तासाभरात उरकते. तेच डोंगरात करण्याची पाळी आली, तर सोबतच्या दुसऱ्या गाडीची आणि तिच्यातील जंपर केबलची वाट पाहण्याखेरीज गत्यंतर नसते.