हाली, कलदार आणि प्रोसेस नंबर एक

आजची पोस्ट मोठी आहे आणि विषय कॉम्प्युटरचा आहे. पण शेवटी गाडी आपल्या पीकपाहणीवर येते, म्हणून सवडीनं का होईना, पूर्ण वाचा.

आधी आपल्याकडचा इतिहास. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि बीडसकट सगळा मराठवाडा भारतात आला. पोलीस कारवाई चार-पाच दिवसांत उरकली. खिशातला रुपया मात्र चार दिवसांत बदलला नाही. आपल्याकडं निजामाचा हाली रुपया चालायचा, बाहेर कलदार. १९५० मध्ये भारतीय रुपया हालीच्या जोडीला आला आणि भाव ठरला: सात हालीला सहा कलदार. १९५१ मध्ये नवे हाली काढणं थांबलं. हाली चलनातून कायमचा रद्द झाला तो थेट १९५९ मध्ये. ज्याच्या गाडग्यात चार हाली पुरलेले होते, त्यालाही ते उकरून बदलून घ्यायला वेळ मिळाला.

चालू व्यवस्था बदलायची ही एक रीत झाली. हाच पेच पुढं कॉम्प्युटरवाल्यांसमोर आला. आपल्या भागातली कितीतरी पोरं आज पुण्यात, संभाजीनगरात याच धंद्यात आहेत, त्यांना हे भांडण माहीत असेल. बाकीच्यांसाठी सोपं करून सांगतो.

कॉम्प्युटर चालू केला की आधी कर्नल जागा होतो आणि तो एकच प्रोग्राम सुरू करतो. त्याचा नंबर एक. त्याला म्हणतात इनिट. मग हा इनिट बाकीच्यांना उठवतो: नेटवर्क, प्रिंटर, लॉगिन, सगळं. नंबर एक मेला तर अख्खी मशीन बंद पडते. १९८३ साली एटी अँड टी कंपनीची सिस्टीम फाईव्ह ही युनिक्स आली. तिच्या पद्धतीचा इनिट पुढं लिनक्सनं घेतला आणि वर्षानुवर्षं चालवला. साध्या स्क्रिप्टा, एकामागून एक चालणाऱ्या. कुणीही उघडून वाचाव्यात अशा, पण संथ. आणि सुरू केलेला प्रोग्राम मागाहून मेला तर त्याची दखल नीट घेतली जायची नाही.

३० एप्रिल २०१० ला लेनार्ट पोटरिंग या रेड हॅटच्या इंजिनिअरनं सिस्टमडी नावाचा नवा इनिट जाहीर केला. कामं एकाच वेळी सुरू होतात, मेलेली सेवा पुन्हा उठवता येते, हिशेब एका जागी राहतो. काम चांगलं होतं, यात वाद नाही. वाद दुसऱ्याच गोष्टीचा होता. इनिटच्या जोडीनं लॉगिन, नोंदवह्या, हार्डवेअर ओळखणं अशी खातीही त्याच्याकडं जाऊ लागली. एकाच माणसाकडं पाटीलकी, कुलकर्णीपण आणि वरून सावकारी, असं लोकांना वाटलं.

२०११ मध्ये फेडोरानं तो घेतला. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या आठ जणांच्या तांत्रिक समितीत मतं चार-चार अशी फुटली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं सिस्टमडी आला. उबुंटू तीन दिवसांत मागोमाग. नाराज मंडळींनी त्याच वर्षी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. लांबची गोष्ट वाटते ना? पण सी-डॅकनं आपल्या सरकारी कामासाठी केलेली बॉस ही भारतीय सिस्टीम डेबियनवरच उभी आहे. वर पाणी जिकडं वळवलं, खालचा पाट तिकडंच जाणार.

या सगळ्यात जेंटूचा मार्ग वेगळा. बाकीच्या सिस्टीम म्हणजे दुकानातलं तयार पीठ. जेंटू म्हणजे आपले गहू आपण गिरणीत दळून आणायचे. प्रोग्रामचा सोर्स कोड आणायचा आणि आपल्या मशीनवर, आपल्याला हवा तसा बांधायचा. जेंटूची १.० आवृत्ती २००२ ची. तिचा स्वतःचा इनिट ओपनआरसी, तो रॉय मार्पल्स यांनी २००७ मध्ये सुरू केला. सिस्टमडी आल्यावर जेंटूनं ओपनआरसी मूळ ठेवला आणि सिस्टमडीलाही घरात जागा दिली. ज्याला जे पाहिजे ते.

बदलायचं कसं? आधी प्रोफाइल बदलायचं. मग त्या निवडीचा ज्यांच्याशी संबंध येतो ते सगळे प्रोग्राम पुन्हा दळायचे, याला कित्येक तास जातात. कर्नलमध्ये लागणाऱ्या सोयी चालू करायच्या. कुठल्या सेवा सुरू व्हाव्यात याची यादी हातानं नव्यानं करायची, कारण जुन्या स्क्रिप्टा नव्याला चालत नाहीत. पण सगळ्यात महत्त्वाचं हे, की दोन्ही इनिट काही काळ शेजारी-शेजारी ठेवता येतात. मशीन सुरू होताना एका ओळीत सांगायचं, आज नंबर एक कोण. नवा अडला तर ती ओळ बदलायची, जुना हजर. हाली-कलदारसारखंच.

आता खरी गोम. ही सोय फुकट मिळत नाही. २०१२ मध्ये हार्डवेअर ओळखणारा युडेव्ह हा प्रोग्राम सिस्टमडीच्या घरात गेला. तेव्हा जेंटूच्या लोकांनी त्याची वेगळी शाखा काढली, ईयुडेव्ह. नऊ वर्षांनी, २०२१ मध्ये, त्यांनी ती सोडत असल्याचं जाहीर केलं. तिची निगा नीट राखली जात नव्हती, आणि सिस्टमडी न घेता नुसता युडेव्ह बांधता येत होता. मग ईयुडेव्हची गरज असलेल्या इतरांनी ती पुढं चालवायला घेतली. लॉगिनसाठी ईलॉगिनडी नावाचा तुकडा असाच वेगळा काढला, म्हणून ओपनआरसीवरही मोठे डेस्कटॉप चालतात. निवड जिवंत राहिली ती कुणीतरी रोज राबलं म्हणून. नुसत्या घोषणा देणाऱ्यांनी ती टिकली नसती.

आता आपल्या गावाकडं येऊ. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यात ई-पीक पाहणी आली. तलाठ्यानं करायची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर करायची. रेशनला अंगठ्याची मशीन आली, सातबारा ऑनलाइन आला. हे सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही. घरबसल्या सातबारा मिळतो, ही मोठी सोय आहे. पण उमापूरच्या शिवारात रेंज नाही, म्हातारीचा अंगठा मशीन घेत नाही, अशा वेळी जुनी वाट उघडी आहे का? कागदावर असेलही. पण ती चालवणारा माणूस जागेवर आहे का?

म्हणून नवीन योजना, नवीन ॲप आलं की ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. जुनं किती दिवस सोबत चालणार? नवं अडलं तर परत फिरायची वाट कुठली? आणि ती वाट सांभाळणार कोण, त्याचं नाव काय? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर पहिल्या दोन उत्तरांना काही अर्थ नाही.

निजामाचं राज्य गेल्यावर हालीला दहा-अकरा वर्षं मिळाली. पीकपाहणीला किती मिळाली, ते सभेत उभं राहून विचारू या.