संहिता, स्मृती आणि चित्रफीत: ‘डॉक्टर हू’च्या घरगुती आवृत्त्यांचा इतिहास

दूरचित्रवाणीवरील मालिकेला ‘संहिता’ असते काय, हा प्रश्न वरवर पाहता चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. संहिता म्हटले की आपल्यासमोर पोथी येते, छापील पुस्तक येते, फार तर नाटकाचे हस्तलिखित येते. प्रक्षेपित होऊन विरून जाणाऱ्या कार्यक्रमाला मात्र आपण प्रयोगाच्या जातीचा मानतो. प्रयोग संपला की उरते ती प्रेक्षकाची स्मृती. परंतु गेल्या चार दशकांत व्हिडिओ कॅसेट आणि तिच्यामागून आलेली डीव्हीडी यांनी या प्रयोगाला पुन:पुन्हा वाचता येण्याजोग्या वस्तूचे रूप दिले. हे रूपांतर केवळ तांत्रिक नव्हते. त्यात निवड होती, काटछाट होती, अनुमान होते. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगायचे तर ते संपादन होते. ब्रिटनमधील ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेच्या घरगुती आवृत्त्यांच्या आधारे या संपादनाचा इतिहास तपासण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

‘डॉक्टर हू’चा पहिला भाग बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित केला. काळ आणि अवकाश यांतून मुक्त संचार करणारा एक अनामिक प्रवासी, ही तिची मूळ कल्पना. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट या होत्या, तर पहिल्या चार भागांच्या कथेचे दिग्दर्शन लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी केले. साधारण पंचवीस मिनिटांचा एक भाग, अशा काही भागांची मिळून एक कथा, आणि प्रत्येक भागाचा शेवट संकटाच्या ऐन टोकावर, असा या मालिकेचा घाट होता. आठवड्याचे अंतर हा त्या घाटाचाच अंगभूत घटक होता. पुढे काय होणार याची कल्पना सात दिवस करीत राहणे हे प्रेक्षकाचे काम होते, आणि कथनाने ते गृहीत धरले होते.

हे भाग दोन इंच रुंदीच्या चित्रफितींवर मुद्रित होत. फिती महाग होत्या आणि पुसून पुन्हा वापरता येत होत्या. नटांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुन:प्रक्षेपणावर मर्यादा होत्या. १९७० पासून मालिका रंगीत झाली आणि कृष्णधवल भागांचे व्यापारी मूल्य उतरले. संपूर्ण जतनाची जबाबदारी कोणत्याही एका विभागावर नव्हती. परिणामी मूळ फिती पुसल्या गेल्या, आणि परदेशी विक्रीसाठी १६ मिलिमीटर फिल्मवर काढलेल्या प्रतीही १९७० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर नष्ट करण्यात आल्या. हा क्रम १९७८ च्या सुमारास थांबला. पहिल्या सहा वर्षांत प्रक्षेपित झालेल्या २५३ भागांपैकी ९७ भाग २०१३ साली झालेल्या मोठ्या शोधानंतरही बेपत्ता होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्यांनी हे पुसले त्यांनी साहित्यकृती नष्ट केली नव्हती; त्यांच्या लेखी ती साहित्यकृती नव्हतीच. नाटकाचा प्रयोग संपल्यावर नेपथ्य मोडून टाकावे, तितक्या सहजतेने हे घडले.

मालिका ‘वाचण्याची’ पहिली सोय छापील पुस्तकांनी केली. १९७३ पासून टार्गेट या प्रकाशनमुद्रेखाली जुन्या कथांची कादंबरीरूपे निघू लागली, आणि टेरन्स डिक्स यांनी एकट्याने त्यांतील साठांहून अधिक पुस्तके लिहिली. एका पिढीपुरती ही पुस्तकेच मूळ संहिता ठरली. दृश्याचा आधार नसल्यामुळे त्या पिढीच्या मनातील ‘डॉक्टर हू’ प्रत्यक्ष स्टुडिओतील पुठ्ठ्याच्या भिंतींपेक्षा कितीतरी भव्य होता.

पहिली व्हिडिओ कॅसेट ऑक्टोबर १९८३ मध्ये निघाली. ‘रिव्हेंज ऑफ द सायबरमेन’ ही १९७५ सालची चार भागांची कथा तीत होती. मात्र ती चार भागांत नव्हती. मधल्या श्रेयनामावल्या आणि भागान्तीचे ताणलेले क्षण कापून सलग चित्रपट बनवलेला होता. पुढच्याच वर्षी निघालेल्या ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’ची गत याहून वाईट झाली; सुमारे शंभर मिनिटांची कथा तासाभरात कोंबण्यात आली. या काटछाटीमागे एक वाङ्मयीन गृहीतक दडलेले आहे. घरी विकत नेण्याजोगी कृती म्हणजे चित्रपट, आणि भाग म्हणजे प्रक्षेपणाच्या सोयीसाठी स्वीकारलेली अडचण, असे ते गृहीतक होय. वस्तुत: भागान्त हा या कथनाचा विराम होता. तो काढल्यावर घटना त्याच राहतात, पण त्यांची लय आणि परस्परांवरील भार बदलतो. मासिकातून क्रमश: आलेली कादंबरी पुस्तकरूपात येताना प्रत्येक हप्त्याची अखेर गाळावी, तसा हा प्रकार होता.

रसिकांनी हे स्वीकारले नाही. मूळ भागरचना हवी, गाळलेले प्रसंग हवेत, ही त्यांची मागणी कालांतराने मान्य झाली, आणि १९९० साली ‘मॉर्बियस’ची अखंड आवृत्ती निघाली. मालिकेचे ग्राहक येथे संहितेचे चिकित्सक झाले. ही भूमिका त्यांना नवीन नव्हती. १९६० च्या दशकात काही प्रेक्षकांनी घरच्या ध्वनिमुद्रण यंत्रांवर भागांचा आवाज टिपून ठेवला होता, आणि त्यामुळेच चित्र हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी आज उपलब्ध आहे. जॉन क्युरा या छायाचित्रकाराने व्यवसाय म्हणून दूरचित्रवाणीच्या पडद्याची छायाचित्रे काढली होती. त्यांतूनही अनेक भागांचा दृश्यक्रम कळतो. संस्थेने पुसलेले घरांनी राखले.

‘द टूम ऑफ द सायबरमेन’ या १९६७ सालच्या कथेचे उदाहरण विशेष बोलके आहे. तिचे चारही भाग हरवले होते, आणि हरवल्यामुळेच तिची कीर्ती वाढत गेली होती. १९९१ च्या अखेरीस तिच्या प्रती हाँगकाँगमध्ये सापडल्या आणि मे १९९२ मध्ये कॅसेट बाजारात आली. स्मृतीने जतन केलेली कृती आणि पडद्यावरची कृती समोरासमोर आल्या. थडग्यातून बाहेर पडणाऱ्या यंत्रमानवांचे दृश्य आठवणीइतकेच प्रभावी ठरले. पण मारामारीत नटाला उचलणारी तारही स्पष्ट दिसली. याहून महत्त्वाचे म्हणजे टोबरमन हा धिप्पाड, जवळजवळ मुका कृष्णवर्णीय सेवक दिसला. त्या पात्राच्या रचनेतील वांशिक साचा कीर्तीच्या काळात फारसा चर्चेत नव्हता. हरवलेल्या संहितेची आपण पूजा करू शकतो, समीक्षा करू शकत नाही. समीक्षेला प्रत लागते.

या प्रती कोठे सापडल्या, हेही लक्षणीय आहे. हाँगकाँगनंतर २०१३ साली नायजेरियातील जोस येथे ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ आणि ‘द वेब ऑफ फिअर’ या कथांचे नऊ हरवलेले भाग मिळाल्याचे जाहीर झाले. वसाहतींच्या जुन्या जाळ्यातून फिरलेल्या फिल्मच्या प्रती केंद्राने आपले मूळ पुसल्यावरही परिघावर टिकून राहिल्या. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हे अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथीपरंपरेला मोठे वजन मिळाले, ते दूरच्या परंपरा जुना पाठ राखतात या जाणिवेने. फरक एवढाच की पोथीत लेखनिकाच्या हातून पाठभेद शिरतो, तर येथे तो कात्रीने आणि यंत्राने शिरतो. आणि कात्रीचीही एक विलक्षण कथा आहे. ऑस्ट्रेलियातील परिनिरीक्षकांनी मुलांसाठी भीतिदायक म्हणून कापलेले तुकडे तेथील शासकीय अभिलेखागारात पडून होते. १९९६ साली ते सापडले आणि २००४ च्या ‘लॉस्ट इन टाइम’ या डीव्हीडी-संचात समाविष्ट झाले. ज्या भागांतून ते वगळले ते भाग गेले; जे वगळले तेवढेच उरले.

डीव्हीडीच्या काळात संपादनाचे स्वरूप पालटले. आता केवळ प्रत छापणे पुरेसे नव्हते, तर मूळ अनुभवाची पुनर्घटना हे ध्येय ठरले. फिल्मवर उतरवताना चित्रफितीची प्रवाही हालचाल नष्ट झाली होती; २००२ साली ‘द ॲझ्टेक्स’च्या आवृत्तीत ती ‘विडफायर’ या प्रक्रियेने परत आणण्यात आली. १९७१ सालची ‘द माइंड ऑफ इव्हिल’ केवळ कृष्णधवल फिल्मवर उरली होती. त्या फिल्मवर नकळत उमटलेल्या रंगसंकेताच्या सूक्ष्म ठिपक्यांवरून सहापैकी पाच भागांचा रंग गणिताने परत मिळाला. पहिल्या भागात हे ठिपके उपलब्ध नसल्याने तो हाताने रंगवावा लागला, आणि २०१३ साली सर्व सहा भाग रंगीत रूपात निघाले. चिकित्सक परिभाषेत पाच भागांचा रंग हा साक्षीवर आधारलेला पाठ आहे, पहिल्याचा अनुमानित पाठ आहे. २००६ साली ‘द इन्व्हेजन’च्या आठपैकी दोन हरवलेल्या भागांना रसिकांनी टिपलेल्या ध्वनीच्या आधारे रेखाचित्रांचे शरीर देण्यात आले. येथे तर अर्धी संहिता साक्ष आहे आणि अर्धी नवनिर्मिती.

मग मूळ संहिता कोणती? प्रस्तुत लेखकाच्या मते, एकमेव मूळ शोधण्याचा आग्रह येथे निष्फळ आहे. परंतु म्हणून सर्व रूपे समान, असेही नव्हे. अनुमानाला अनुमान म्हणून ओळखता येईल अशी मांडणी असणे, ही संपादनाची नैतिक अट आहे. २००३ साली ‘द दालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’च्या डीव्हीडीत नवी संगणकीय दृश्ये ऐच्छिक ठेवली गेली, जुने दृश्य जागेवर होते आणि निवड वाचकाच्या हाती होती. ही तळटिपेची नीती होय. याउलट नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘द दालेक्स’ ही सात भागांची कथा रंगवून ७५ मिनिटांत बसवून प्रक्षेपित करण्यात आली, तेव्हा १९८३ चे जुने गृहीतक नव्या रंगांत परतले. त्या रूपाला विरोध करण्याचे कारण नाही. मूळ सात भाग शेजारी उपलब्ध आहेत तोवर ते एक भाष्य आहे. ते शेजारी नसतील त्या दिवशी ते भाष्य राहणार नाही, पर्याय होईल.

ही भीती काल्पनिक नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये, मालिकेच्या साठाव्या वर्षी, बीबीसीने आपल्या महाजालीय संग्रहात शेकडो जुने भाग खुले केले. त्यांत पहिली कथाच नव्हती, कारण तिच्या लेखकाच्या वारसाशी हक्कांबाबत जुळले नाही. ज्यांच्याकडे २००६ सालच्या ‘द बिगिनिंग’ या संचातील तबकडी होती, त्यांना मात्र ती पाहता येत होती. त्याच संचात वारिस हुसेन यांनी बहुतांशी दिग्दर्शित केलेल्या, आणि २०१३ च्या शोधानंतरही ज्याचा एकही भाग हाती नव्हता अशा, ‘मार्को पोलो’ची ध्वनी व स्थिरचित्रे जोडून केलेली अर्ध्या तासाची संक्षिप्त पुनर्घटना आहे. भारतात जन्मलेल्या एका तरुण दिग्दर्शकाने लंडनच्या स्टुडिओत चीनची वाट कशी उभी केली, युरोपीय नटांकडून आशियाई माणसे कशी वठवून घेतली, हे प्रश्न विचारण्याजोगे आहेत. सात भागांच्या जागी तीस मिनिटे पाहून त्यांची उत्तरे देता येत नाहीत.

कॅसेटने प्रयोगाची संहिता केली आणि ती वाचकाच्या कपाटात आणून ठेवली. या इतिहासात संस्था विसरत गेल्या, आणि घरांनी, परिघांनी, कधी परिनिरीक्षकाच्या पेटीनेही राखून ठेवले. संहिता पुन्हा एकदा केवळ संस्थेच्या संग्रहात राहणार असेल, आणि वाचकाला ती ठरावीक मुदतीपुरती पाहायला मिळणार असेल, तर पाठचिकित्सकाने कपाटातील त्या तबकड्यांकडे पोथ्यांकडे पाहावे तितक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे.