वनस्पतिपेशी व प्राणिपेशी

वनस्पती आणि प्राणी यांचे शरीर ज्या दृश्यकेंद्रकी पेशींचे बनलेले असते त्यांचे हे दोन प्रकार. केंद्रक, प्रद्रव्यपटल, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी पिंड आणि रायबोझोम दोन्हींत असतात. डीएनएमधील माहिती वाचण्याची रीतही एकच. माथियास श्लायडेन यांनी १८३८ मध्ये वनस्पतींबाबत आणि थिओडोर श्वान यांनी १८३९ मध्ये प्राण्यांबाबत, शरीर पेशींचेच बनलेले असते हे मांडले. म्हणजे पेशीसिद्धांत उभा राहिला तो या दोघींमधील साम्यावर. शाळेत मात्र आधी फरकांचा तक्ता पाठ होतो, आणि त्यातले मुद्दे एकमेकांशी संबंध नसल्यासारखे एकाखाली एक येतात. वास्तविक वनस्पतिपेशीभोवती कडक भित्तिका असते आणि वनस्पती आपले अन्न स्वतः तयार करतात, या दोन गोष्टींतून बाकीचे बहुतेक फरक निघतात. पेशी शरीराबाहेर वाढवायला घेतली की हे फार स्पष्ट दिसते. पुण्यात दोन्ही प्रकारच्या पेशी वाढवण्याचे काम अनेक दशके चालू आहे, म्हणून या नोंदीत त्या कामाला अधिक जागा दिली आहे.

भित्तिका व पाणी : वनस्पतिपेशीची भित्तिका मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन यांची असते. शेजारच्या दोन पेशी पेक्टिनयुक्त मध्यपटलाने जोडलेल्या असतात. भित्तिकेतील सूक्ष्म छिद्रांतून जाणाऱ्या जीवद्रव्यतंतूंमुळे पेशीद्रव्य एका पेशीतून दुसरीत अखंड राहते. प्राणिपेशीला भित्तिका नसते. तिच्या बाहेर कोलॅजेनसारख्या प्रथिनांचे जाळे असते, पण ते तिला चहूकडून बंदिस्त करत नाही. त्यामुळे पांढरी रक्तपेशी आकार बदलत केशिकेच्या भिंतीतून बाहेर पडू शकते. वनस्पतिपेशी मात्र जिथे जन्मते तिथेच राहते.

रिओ या शोभेच्या रोपाच्या पानाच्या जांभळ्या खालच्या बाजूची साल मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवण्याचा प्रयोग पुण्यातील अनेक विद्यार्थ्यांनी केलेला असतो. पाणी बाहेर गेल्याने जांभळा जीवद्रव्याचा भाग आकसतो आणि भित्तिकेपासून सुटतो. चौकट मात्र तशीच राहते. हा रससंकोच. उलट शुद्ध पाण्यात ठेवल्यावर वनस्पतिपेशी पाणी घेते, ताठ होते आणि भित्तिकेच्या प्रतिरोधामुळे तिथेच थांबते. मानवी तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात फुगून फुटते, म्हणून शिरेतून द्यायच्या सलाइनमध्ये मिठाचे प्रमाण ०.९ टक्के ठेवावे लागते. वनस्पतिपेशीतील हा दाब मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या काही पट असू शकतो. पालेभाजीचा ताजेपणा म्हणजे हाच दाब, आणि रोपाचे कोवळे खोड लाकूड तयार होण्यापूर्वी उभे राहते तेही याच्याच बळावर.

रिक्तिका व लवके : हा दाब सांभाळते ती रिक्तिका. प्रौढ वनस्पतिपेशीत ती एकच, मोठी आणि मध्यवर्ती असते व पेशीच्या आकारमानाचा ८० ते ९० टक्क्यांपर्यंत भाग व्यापू शकते. केंद्रक आणि पेशीद्रव्य कडेला सारले जातात. क्षार, रंगद्रव्ये, आम्ले आणि टाकाऊ पदार्थ तीत साठतात. प्राणिपेशीत लयकारिका करतात त्यातले पचनाचे बरेचसे काम इथे रिक्तिकाच करते. प्राणिपेशीतील रिक्तिका असल्याच तर लहान आणि तात्पुरत्या असतात.

वनस्पतीचे अन्न तयार करणाऱ्या हरितलवकांबाबत दोन गैरसमज सर्रास आढळतात. पहिला असा की प्रत्येक वनस्पतिपेशी हिरवी असते. कांद्याच्या सालीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नेहमी पाहिल्या जातात, आणि त्यांत हरितलवके नसतात; मुळांच्या पेशींतही सहसा नसतात. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे : वनस्पतीला हरितलवके आणि प्राण्याला तंतुकणिका. तंतुकणिका दोघांतही असतात. हरितलवकात तयार झालेल्या साखरेतून ऊर्जा मिळवण्यासाठी वनस्पतीलाही रात्रंदिवस श्वसन करावे लागते. शिलकी साखर वनस्पती स्टार्चच्या रूपात लवकांमध्ये साठवते, प्राणी ग्लायकोजेनच्या रूपात यकृताच्या व स्नायूंच्या पेशींत.

विभाजन : गुणसूत्रांची वाटणी दोन्हीकडे सारखीच होते. फरक पडतो तो शेवटी. प्राणिपेशीला मध्यभागी खाच पडते आणि ती आत आत जात पेशी दुभंगते. कडक भित्तिका अशी आवळता येत नाही, म्हणून वनस्पतिपेशीत गॉल्गी पिंडापासून आलेल्या पुटिका मध्यभागी जमून पेशीपट्टिका बनवतात व ती आतून बाहेर वाढत नवी भित्तिका होते. प्राणिपेशीत दिसणारी तारककेंद्रे सपुष्प वनस्पतींत नसतात. पण ‘वनस्पतीत तारककेंद्र नसते’ हे विधान सरसकट खरे नाही. नेचे, आणि पुण्यातील बंगल्यांच्या बागांत हमखास दिसणारा सायकस, यांच्या पुंपेशी कशाभिकांच्या साहाय्याने पोहतात आणि त्या कशाभिकांच्या तळाशी अशा रचना तयार होतात.

संवर्धन : पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. तेथे व्ही. जगन्नाथन आणि ए. एफ. मस्करेन्हास यांच्या पुढाकाराने वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनाचे काम वाढले. १९८० मध्ये या गटाने सुमारे शंभर वर्षे वयाच्या निवडक सागाच्या कळ्यांपासून बाटलीत रोपे तयार केल्याचे प्रसिद्ध केले. १९९० मध्ये रजनी नाडगौडा, व्ही. ए. पाराशरामी व मस्करेन्हास यांचा बांबूवरील निबंध ‘नेचर’मध्ये आला आणि तो जगभर गाजला. बांबूच्या अनेक जाती कित्येक दशकांतून एकदाच फुलतात, त्यामुळे त्यांचा संकर करणे जवळपास अशक्य असते. पुण्यात मात्र सायटोकायनिन हे संप्रेरक आणि नारळाचे पाणी घातलेल्या माध्यमावर कोवळी रोपे बाटलीतच काही महिन्यांत फुलली व त्यांना बी धरले.

या कामामागे वनस्पतिपेशीची पूर्णक्षमता आहे, म्हणजे प्रौढ अवयवातील पेशीपासूनही संपूर्ण रोप घडू शकणे. गोटलिब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये ही कल्पना मांडली, एफ. सी. स्टुअर्ड यांनी १९५८ मध्ये गाजराच्या ऊतींतील पेशींपासून रोपे मिळवली आणि १९६५ मध्ये वसिल व हिल्डब्रँट यांनी तंबाखूच्या एका अलग पेशीपासून. प्राणिपेशीत हे सहज होत नाही. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये चार जनुके घालून उंदराच्या प्रौढ पेशी मूलपेशींसारख्या केल्या, पण तशा पेशींपासून थेट बाटलीत प्राणी वाढत नाही.

माध्यमांतही हा भेद दिसतो. वनस्पतीसाठी बहुधा मुराशिगे व स्कूग यांचे १९६२ चे माध्यम वापरतात : क्षार, जीवनसत्त्वे, संप्रेरके, अगार, सुमारे ३ टक्के साखर, सामू ५.८ च्या आसपास, तापमान २५ अंश सेल्सिअस. अन्न स्वतः बनवणाऱ्या वनस्पतीला साखर घालावी लागते, कारण बाटलीतील ऊतीचे प्रकाशसंश्लेषण पुरेसे नसते. सस्तन प्राण्याच्या पेशीला ३७ अंश तापमान, ७.४ च्या जवळचा सामू, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, अमिनो आम्ले आणि बहुतेकदा वासराच्या भ्रूणाचे सीरम लागते. ती इतर पेशींनी तयार केलेल्या पदार्थांवर जगायला घडलेली आहे.

प्राणिपेशींच्या संवर्धनात पुण्याचे एक काम जगभर पोहोचले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विषाणू संशोधन केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी ईडिस अल्बोपिक्टस आणि ईडिस इजिप्ती या डासांच्या अळ्यांपासून पेशीरेषा, म्हणजे संवर्धनात पिढ्यानपिढ्या वाढत राहणारे पेशींचे संच, तयार केल्या. १९६७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांतील अल्बोपिक्टसच्या रेषेपासून जपानमध्ये ए. इगाराशी यांनी १९७८ मध्ये सी६/३६ हा क्लोन वेगळा केला. डेंग्यू आणि चिकुनगुन्याचे विषाणू वाढवणाऱ्या प्रयोगशाळांत आज तो जगभर वापरला जातो. प्राणिपेशी म्हटले की माणसाच्या गालाची पेशी आठवते. विषाणुशास्त्रात डासाच्या पेशीचे मोल त्याहून कमी नाही. याच संस्थेने २०२० मध्ये माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या व्हेरो पेशींत करोना विषाणू वाढवून वेगळा केला आणि तो कोव्हॅक्सिनसाठी वापरला गेला.

गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र पेशीरेषांचा राष्ट्रीय संग्रह सांभाळते व देशभरच्या संशोधकांना त्या पुरवते. त्या उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या जातात. वनस्पतिपेशी अशी गोठवणे अवघड जाते, कारण तिच्या मोठ्या रिक्तिकेतील पाण्याचे स्फटिक पटले फाडतात. म्हणून तिथे लहान रिक्तिकांच्या पेशी असलेली कोंबांची टोके निवडून आधी त्यांतले पाणी कमी करतात.

भित्तिका काढली तर काय होते, याचेही उत्तर मिळालेले आहे. एडवर्ड कॉकिंग यांनी १९६० मध्ये विकरे वापरून वनस्पतिपेशीची भित्तिका विरघळवली. उरलेला जीवद्रव्यक प्राणिपेशीसारखा गोल झाला. तो शुद्ध पाण्यात फुटतो, आणि योग्य माध्यमात ठेवला तर पुन्हा भित्तिका उभारतो.

रोग व औषधे : पुण्याजवळ पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन जीवाणूंच्या भित्तिकेची बांधणी रोखते. ती पेप्टिडोग्लायकॅनची असते. प्राणिपेशीला भित्तिकाच नाही आणि वनस्पतीची सेल्युलोजची, त्यामुळे दोघींवर या मार्गाने आघात होत नाही. प्राणिपेशींच्या संवर्धनात जंतूंची लागण टाळण्यासाठी ते थेट माध्यमात घालतात ते याचमुळे.

वनस्पतींनाही गाठी येतात, पण भित्तिकांनी जखडलेल्या पेशी सुटून दुसऱ्या अवयवात जाऊन रुजू शकत नाहीत. माणसाच्या कर्करोगाचे सर्वांत जीवघेणे लक्षण, म्हणजे प्रसार, झाडात त्या रूपात दिसत नाही.

विषाणूंचा मार्गही वेगळा. डेंग्यूचा विषाणू पेशीच्या पटलावरील रेणूंना चिकटतो आणि पेशी त्याला आत ओढून घेते. वनस्पतीच्या विषाणूला भित्तिका ओलांडता येत नाही. जखम किंवा रस शोषणारा कीटक लागतो. भेंडीवरील केवडा रोगाचा विषाणू पांढऱ्या माशीच्या सोंडेतून आत जातो आणि पुढे आपल्या प्रथिनांच्या मदतीने जीवद्रव्यतंतूंच्या वाटेने शेजारच्या पेशींत पसरतो. म्हणून पुणे जिल्ह्यातला भेंडी उत्पादक विषाणूवर औषध शोधत बसत नाही. तो माशी आटोक्यात ठेवतो, रोगट झाडे उपटतो आणि प्रतिकारक्षम वाण लावतो.