फजलुर रहमान खान यांची दुसरी पदव्युत्तर पदवी

फजलुर रहमान खान (1929–1982) यांच्या चरित्रांत शिकागोच्या उत्तुंग इमारतींचे वर्णन विस्ताराने येते; पदव्यांचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकला जातो. वस्तुतः ती ओळच विचारणीय आहे. ढाक्याचे हे स्थापत्य अभियंते 1952 साली शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेले. तेथे तीन वर्षांत त्यांनी संरचना अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी व डॉक्टरेट मिळविली. शिवाय सैद्धांतिक व उपयोजित यामिकीची निराळी पदव्युत्तर पदवीही घेतली. इमारती बांधू इच्छिणाऱ्यास ही वाट आडवळणाचीच म्हणावयाची.

तथापि ती वाया गेली असे म्हणवत नाही. इमारत जसजशी उंच होते तसतसा वाऱ्याचा जोर निर्णायक ठरतो, आणि तुळया-खांबांचा रूढ सांगाडा पोलाद गिळू लागतो. खान यांनी बाहेरच्या भिंतींतील खांब परस्परांच्या निकट आणून सबंध इमारतच जमिनीत रोवलेली पोकळ नळी मानली. सुट्या अवयवांऐवजी अखंड पिंडाचे वर्तन पाहण्याची ही दृष्टी यामिकीच्या अभ्यासकाची आहे. डेविट-चेस्टनट ही 43 मजली इमारत प्रथम अशी उभी राहिली. पुढे 110 मजली सीअर्स टॉवरसाठी त्यांनी अशा नऊ नळ्यांची मोळी बांधली.